तसलं काही

आमच्या चाकणच्या कंपनीतून कुणी व्हिएतनामच्या कारखान्यात निघालं, की तिकिटं काढणारे आमचे एक कारकून त्याला हळूच बाजूला घेतात. 'अश्लील' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही.

"राव, मोबाइलमधलं तसलं काही आसंल तर डिलीट मारा. तिकडं तसलं कुणाला पाठवलं तर गुन्हा हाय. बाहेरचा माणूस म्हणून सोडत न्हाईत."

मग ते उगाच चष्मा पुसतात. माझ्या वेळीही पुसला. मी गंभीरपणे मान डोलावली. आता कंपनीच्या ग्रुपवर तसलं टाकणारे एकटे हेच, हे त्यांना कोण सांगणार?

विमानतळावर मोबाइल वाजला. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं होतं. पाठोपाठ निरोप आला: "तुमच्याच भल्यासाठी, राव. परत आलात की घेतो."