टिंकर तळ्यातले अकरा बास

ऑल्डन हॅस्केलला शिव्या घालायला एक माणूस हवा होता, आणि तो माणूस कोण हेच ठाऊक नसल्यामुळे त्याची फार पंचाईत व्हायची. टिंकर तळ्यात बास मासे आणून सोडणारा माणूस. दर शनिवारी काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून दिवसभर भट्टीत मुरलेला घेवडा ताटात पडला, की ऑल्डनची गाडी तिथेच येई.

"एकदा सापडू दे फक्त. त्याला त्याच तळ्यात बुडवतो की नाही बघ."

"बरोबर आहे," समोर बसलेला आर्मंड थेरियो म्हणे आणि पावाने ताट पुसून घेई.

बावीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. आणि ते बास आणून सोडणारा आर्मंडच होता.

तळ्यावर बारमाही राहणारी माणसं दोनच. पूर्वेच्या काठावर ऑल्डन, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, लग्न न केलेला, आणि मेन राज्यातल्या सगळ्या माणसांबद्दल वाईट मत असलेला. पश्चिमेच्या काठावर आर्मंड, पंचाहत्तरीचा, फ्रेंच घराण्यातला, चाळीस वर्षं मासेमारीचा गाइड. उन्हाळ्यात शहरातली माणसं येत, होडीत बसत, सप्टेंबरात आपली घरं बंद करून निघून जात. मग बर्फ पडे आणि आर्मंडशी बोलायला शनिवारचा ऑल्डन तेवढा उरे. आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायचं आणि त्यातही खोटं बोलायचं. दुसऱ्या कुणाचं हे असं आयुष्य पाहिलं असतं, तर आर्मंडला त्याची कीव आली असती.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी घरात बायको होती, लुसील.

मेच्या सुरुवातीला तळ्यावरचा बर्फ फुटला, की ट्राउट मासे काठाशी येत. पोटाखाली शेंदरी, अंगावर लाल ठिपके. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नखाएवढी माशी गळाला बांधायची आणि लांब दोरीने ती पाण्यावर अशी ठेवायची, की माशाला ती खरी वाटावी. या माश्या लुसील बांधायची. गळाची काठीही तीच चांगली चालवायची. गिऱ्हाइकांना आर्मंड मोकळेपणाने सांगे, की आमच्यात खरी गाइड ती, मी नुसता वल्हं मारणारा. जूनच्या संध्याकाळी पाण्यातून पंख फुटलेल्या माश्यांचे थवे निघत, सगळं तळं उकळी फुटल्यासारखं होई, आणि दोघं अंधार पडेपर्यंत होडीत असत. जुलैत पाणी तापलं, की ट्राउट मधल्या खोल भागात, थंड झऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बसत. मग सप्टेंबरपर्यंत काठ्या भिंतीवर.

पन्नाशीत लुसीलला सांधेवाताने धरलं. हाताची बोटं वाकडी झाली आणि खुब्यांमुळे होडीत उतरणं सुटलं. गारठा लागला, की मूठ मिटत नसे, म्हणून मे-जूनमध्ये ती चुलीजवळच. बाहेर धक्क्यावर खुर्ची टाकून बसवेल असे महिने फक्त जुलै आणि ऑगस्ट. म्हणजे ट्राउट काठाशी असत तेव्हा ती घरात, आणि ती काठाशी येई तेव्हा ट्राउट तळाला. तरी ती काठी घेऊन बसायची. एक अख्खा उन्हाळा तिने रिकाम्या पाण्यावर दोरी टाकली. ऑगस्टच्या अखेरीस एक दिवस ती म्हणाली, "आर्मंड, काठी आत नेऊन ठेव. नुसते हात हलवायचे तर मी पीठच मळीन."

तिने ते हसत म्हटलं होतं, पण आर्मंडला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो साठ किलोमीटरवरच्या नदीवर गेला. तिथे बास होते. बास उन्हाळ्यातला मासा, पाणी तापलं की काठाशी येतो, दांडगाईने गळ घेतो आणि हात दुखेपर्यंत भांडतो. आर्मंडने अकरा धरले, बर्फाच्या पेटीत पाणी भरून त्यात ठेवले, वाटेत चार ओढ्यांवर थांबून पाणी बदललं आणि स्वतःच्या धक्क्यापाशी आणून सोडले. बास एकदा शिरला, की ट्राउटची पिल्लं राहत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्या भागात शाळकरी पोरांनाही ते माहीत असतं. पण अडलेला माणूस स्वतःची समजूत घालण्यात पटाईत असतो. अकराच तर आहेत, तो म्हणाला. आपल्या हिवाळ्यात टिकतात कशाला.

ते टिकले. तिसऱ्या उन्हाळ्यात लुसीलने हरणाच्या केसांचा खोटा बेडूक गळाला बांधून धक्क्यावरून टाकला, आणि पाणी फाडून दीड किलोचा बास हवेत उडाला. ती अशी ओरडली, की आर्मंडला वाटलं, पडली. धावत गेला तर ती काठी दोन्ही हातांनी छातीशी धरून हसत होती.

"हा कुठून आला रे?"

"ओढ्यातून चढला असेल."

तिने ओढ्याकडे पाहिलं. तो उन्हाळ्यात घोट्याएवढासुद्धा नसतो. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हुशार दिसतोय मासा." त्यानंतर तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आठ उन्हाळे ती धक्क्यावर बसली. तिच्या आजारपणातले ते सगळ्यात बरे महिने होते. मग एका मार्चमध्ये ती गेली. जमीन गोठलेली, म्हणून तिला पुरायलाही मेपर्यंत थांबावं लागलं. ते दोन महिने आर्मंडला घरात पाऊल ठेववत नसे आणि घराबाहेरही.

इकडे तळ्यातले ट्राउट आटत गेले. जूनच्या संध्याकाळी माश्यांचे थवे निघत, पण त्यांना खायला वर येणारं कुणी नसे. ऑल्डनला शेवटचा ट्राउट सात वर्षांपूर्वी मिळाला. त्या माणसाला ट्राउटखेरीज दुसरा नाद नव्हता, ना बायको, ना पत्ते, ना चर्च. हाती येईल तो बास तो दगडावर आपटून मारी. आर्मंडची गिऱ्हाइकं मात्र आता जुलैत बाससाठीच येत, त्यामुळे ऑल्डन त्याला 'बासवाला' म्हणून टोचून बोले. आर्मंड ऐकून घेई. एकटा असला, की तो लुसीलच्या जागेवरून बास धरी आणि हळूच सोडून देई. ती तिची जनावरं होती. त्यांना दगडावर आपटायला त्याचा हात उठत नसे.

त्या साली ऑगस्टमध्ये मत्स्य खात्याची ॲलिसन पॉमरॉय त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पंचविशीतली मुलगी, माशांचं शास्त्र शिकलेली, बोलायला सरळ.

"मिस्टर थेरियो, तळं साफ करायची परवानगी आलीय. ऑक्टोबरात औषध टाकायचं, सगळे बास मरतील. मेमध्ये डोंगरापलीकडच्या तळ्यातले ट्राउट आणून सोडायचे. त्यांचं नि इथल्या जुन्यांचं रक्त एकच."

"मग अडलंय कुठे?"

"साहेब विचारतात, पुन्हा कुणी बास टाकले तर? दोन तळ्यांत तसं झालंय. मिस्टर हॅस्केल तर भर सभेत म्हणाले, तो बदमाश अजून आपल्यातच फिरतोय. ते ऐकून साहेबांनी फाइल मिटून ठेवली. कुणी टाकले, का टाकले, हे कळलं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. कधी काही कानावर आलं?"

"विचार करून सांगतो," आर्मंड म्हणाला.

ती गेली. आर्मंड दोन दिवस विचार करत बसला, म्हणजे खरं तर विचार टाळत बसला. बोललं तर ऑल्डन जाणार. आणि ऑल्डन गेला, की उरलं काय? नोव्हेंबरपासून मेपर्यंत भिंती. गप्प बसलं तर ऑल्डन राहील, शनिवार राहतील. पण ते म्हातारं आपल्या तळ्यात पुन्हा एक ट्राउट उठलेला न बघताच मरेल. आणि ते मरेपर्यंत आपण समोर बसून 'बरोबर आहे' म्हणत राहणार. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

शनिवारी ताटं वाढून झाली. ऑल्डनने चमचा उचलला आणि सुरू केलं, "त्या भामट्यापायी आता मत्स्य खातंही—"

"मी टाकले, ऑल्डन."

"काय टाकलं?"

"बास. मीच टाकले. नदीवरून आणून."

ऑल्डन आधी हसला. मग त्याने आर्मंडचा चेहरा नीट पाहिला आणि चमचा खाली ठेवला.

"किती?"

"अकरा."

"कशाला रे, फ्रेंच्या? गिऱ्हाइकांसाठी?"

"लुसीलसाठी. ती उन्हाळ्यातच बाहेर बसू शकायची. तिच्या गळाला काहीच लागायचं नाही."

आर्मंडची ओरडा ऐकायची तयारी होती. मारही खायची तयारी होती. ऑल्डनने उठून चुलीत एक ओंडका सरकवला आणि पुन्हा येऊन बसला.

"एकदा तू गावात गेला होतास," तो म्हणाला. "मी होडीत होतो. तिने हाक मारली. बासच्या घशात गळ अडकला होता, तिच्या बोटांना निघत नव्हता. मी काढून दिला. आणि तिच्या पायाशीच त्याचं डोकं ठेचलं. वर म्हटलं, ही घाण जिवंत सोडायची नसते, लुसील."

आर्मंडला हे ठाऊक नव्हतं. लुसीलने कधी सांगितलं नव्हतं.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आलास ते बरं झालं, ऑल्डन.' एवढंच." त्याने ताट दूर सारलं. "ट्राउट गेले ते गेले. ते मी सोसलं असतं. पण तू मला तेव्हा सांगितलं असतंस, तर मी तिच्याशी असा वागलो असतो का? बावीस वर्षं माझ्या चुलीशी बसून जेवलास तू. बावीस वर्षं!"

"चुकलं माझं."

"ऊठ. जा घरी."

आर्मंड तळ्याच्या काठाने चालत घरी आला. सोमवारी त्याने पॉमरॉयला सगळं सांगितलं. दंड झाला, तो भरला. गाइडचा परवाना परत मागवला, तो दिला. आता या वयात परवाना घेऊन मला करायचंय काय, असं तो तिला म्हणाला खरा, पण चाळीस वर्षं टोपीवर लावलेला बिल्ला काढताना त्याचे डोळे भरून आले.

ऑक्टोबरात औषध टाकलं. दुपारपर्यंत बास पांढरी पोटं वर करून काठाला लागले. हजारो. ते गोळा करायला माणसं कमी पडत होती, म्हणून आर्मंडही जाळं घेऊन होडीत उतरला, आणि वीस हातांवर दुसऱ्या होडीत ऑल्डन होता. दिवसभर दोघांनी मेलेले मासे उपसले. लुसीलच्या धक्क्याखाली सगळ्यात जास्त सापडले. तेवढे उचलताना आर्मंडने मान वर केली नाही. ऑल्डनने आपली होडी त्या बाजूला आणली नाही, आणि दिवसभरात एक शब्द बोलला नाही.

मग हिवाळा आला. इतका लांब हिवाळा आर्मंडने पाहिला नव्हता. पलीकडच्या काठावर ऑल्डनच्या धुराड्यातून धूर निघाला, की तो जिवंत आहे एवढं कळे. कधी कधी आर्मंड मोठ्याने रेडिओला उत्तरं देई आणि मग स्वतःच ओशाळे.

मेच्या अखेरीस ट्राउट आले. टाकी असलेला ट्रक काठाशी उभा राहिला आणि एकेक टब पाण्यापर्यंत वाहून न्यायचा होता. टबला दोन बाजूंनी दोन कड्या. खात्याची माणसं जोडीजोडीने लागली, आणि उरले हे दोन म्हातारे. पॉमरॉयने दोघांकडे पाहिलं. काय करावं तिला सुचेना. ऑल्डनने पुढे होऊन एक कडी धरली. आर्मंडने दुसरी धरली. टबात बोटाएवढी पिल्लं, शे-दोनशे, अंगावरचे ठिपके आत्ता कुठे उमटलेले. दोघं धापा टाकत चिखलातून उतरले, गुडघाभर पाण्यात शिरले आणि टब हळूहळू कलता केला. पिल्लं क्षणभर पायांशी घोटाळली आणि खोल पाण्याकडे निघून गेली.

"आता तीन वर्षं गळ टाकायला बंदी," काठावरून पॉमरॉय म्हणाली. "मोठे होऊ देत."

"तीन वर्षं," ऑल्डन म्हणाला. तो पाण्याकडेच बघत होता. मग तसाच, न वळता, म्हणाला, "तोवर मरायचं नाही तू. ऐकलंस? पहिला ट्राउट मी धरणार आणि तू काठावर उभा राहून बघणार. इतक्या स्वस्तात सुटायचं नाही."

"नाही," आर्मंड म्हणाला.

ऑल्डन पाण्याबाहेर पडला आणि बूट फचफच वाजवत आपल्या वाटेने निघून गेला. आर्मंड बराच वेळ पाण्यातच उभा राहिला. नऊ महिन्यांत त्याच्याशी कुणी एवढं बोललं नव्हतं.