अण्णांचे हिरवे आणि करडे दिवस

मल्लेश्वरममधल्या मराठी घरांत माझ्या वडिलांचं, दामोदरअण्णांचं, नाव होतं ते स्मरणशक्तीबद्दल. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम मनापासून धरलं होतं. सकाळचा चहा झाला की फोन. कुणाचा वाढदिवस असो की कुणाच्या घरचं श्राद्ध, अण्णांचा फोन पहिला. "अण्णांसारखं लक्षात ठेवणं आम्हाला नाही बाई जमायचं," असं कोणी म्हटलं की ते नुसते हसायचे आणि आम्ही घरचे मूग गिळून बसायचो.

कारण लक्षात ठेवायचा तो संगणक. दर पाडव्याला नवं पंचांग आलं की अण्णा वर्षभराच्या तिथ्या संगणकावरच्या मेलच्या प्रोग्राममधल्या कॅलेंडरमध्ये भरत. ते वाढदिवसही श्राद्धासारखे तिथीनेच धरतात, त्यामुळे दोन्ही दरवर्षी नव्याने भरावी लागत. नोंद म्हणजे नुसतं नाव: बाहेरच्या घरी ज्याला फोन करायचा त्याचं, आपल्या घरी ज्याचा दिवस त्याचं. वाढदिवस हिरवा, श्राद्ध करडं.

यंदा त्यांचा मेलचा जुना प्रोग्राम रडतखडत चालू लागला. मी म्हटलं, नव्यात हलवू, कॅलेंडर फोनवर, टॅबवर, सगळीकडे एकसारखं दिसेल. तसं दिसलंही. फक्त रंग मागेच राहिले आणि सगळ्या नोंदी निळ्या झाल्या.

"शमिका, हे सगळं निळं का गं?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, बघते नंतर, आणि ते राहूनच गेलं. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. लोकांनी इतकी वर्षं कौतुक केल्यावर आपल्याला खरंच सगळं आठवतं, असं आता त्यांनाही वाटायला लागलं होतं. मला त्याचा रागच यायचा.

मग एका सकाळी फोन आणि टॅब एकदमच वाजले. दोन्हीवर एकच नाव: अंबूबाई. या निपाणीकडच्या. त्यांचे यजमान कल्लाप्पा अण्णांच्याच कारखान्यात होते. अण्णांनी लगेच फोन लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अंबूबाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा! शंभरी गाठायची बरं का!"

पलीकडून अंबूबाई म्हणाल्या, "सरी अण्णा, बरं. दुपारी जेवायला या. शमिकालाबी आणा."

अण्णांनी म्हैसूरपाकाचा मोठा डबा घेतला, वर लाल रिबीन बांधून घेतली.

अंबूबाईंच्या दारात पोचलो तर समोर कल्लाप्पांचा हार घातलेला फोटो. भटजी पिशवी आवरत होते. सून धनलक्ष्मी कावळ्याचं पान घेऊन गच्चीकडे निघाली होती, ती डब्याकडे बघून थबकली. अण्णांची एक चप्पल पायातच राहिली. कल्लाप्पांना खांदा देताना हेच अण्णा सगळ्यांत पुढे होते.

"या की अण्णा. उन्हातनं आलासा," अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी डबा हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला.

"अंबूबाई, मी सकाळी... मला वाटलं..."

"असू द्या की. ह्यांच्या दिवसाला फोन तर तुमचाच आला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णा पानावरून मान वर न करता जेवले. वाढलेलं सगळं संपवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर मी टॅब घेऊन बसले. "अण्णा, मी नावं वाचते. तुम्ही रंग सांगा."

"भार्गवी?"

"हिरवा."

"रविकिरण?"

अण्णा थांबले. "हिरवा. हो, हिरवाच. परवाच भेटला होता की."

मग कमला हे नाव आलं. कमलाआत्या म्हणजे अण्णांची पाठची बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं नाव दोनदा होतं, एकदा श्रावणात आणि एकदा मार्गशीर्षात. गेल्यावरही तिचा वाढदिवस अण्णांनी काढला नव्हता. दोन्ही निळे.

"यातला करडा कुठला?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टॅब माझ्या हातातून घेऊन जवळ धरला, लांब धरला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला माहीत होतं.

शेवटी आईकडे न बघताच अण्णा म्हणाले, "प्रतिमा, आपली कमला कधी गेली गं?"