झेंडूचा हार

आमच्या बोरी अरबच्या चौकात एका शहीद जवानाचा अर्धपुतळा आहे आणि समोरच पंक्चरचं दुकान. दुकानदार स्वतः फौजेतून रिटायर झालेला, त्या जवानाचा सोबती. बोलणं तुटक. "तुमच्यामुळे आम्ही निवांत झोपतो," असं कोणी म्हटलं की म्हणतो, "मंग झोपा ना, इथं काहून उभे?"

दर पंधरा ऑगस्टला पुढारी पुतळ्याला हार घालतात, फोटो निघतात. त्यांच्या गाड्या हलल्या की हा उठतो, हार काढून शेळ्यांपुढे टाकतो आणि फडक्यानं पुतळ्याचं नाक पुसतो. लोक याला माज म्हणतात. मीही चिडायचो. एकदा विचारलंच.

"झेंडूनं शिंका यायच्या त्याले," तो म्हणाला. "लय. थांबाचं नावच नाही." आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहू लागला.

यंदा हार घालायचा मान मला मिळाला. टपोरा झेंडू. समोर तो, हातात पाना धरून माझ्याकडेच पाहत. चौथऱ्यावर चढलो खरा, पण हात काही वर जाईना.

"घाला ना भाऊ, फोटो काढून राह्यलो!" खालून कोणीतरी ओरडलं.

मी त्या दगडी नाकाकडे पाहत राहिलो.