पानाच्या डब्यावरचं नाव

हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलीलासुद्धा नाही. रविवारी पहिल्यांदा एका बाईला सांगितलं, आज तुम्हाला सांगतोय – एकदा तोंड उघडलं की मग थांबवत नाही, त्यातलं आहे हे.

गोष्ट एका पितळी पानाच्या डब्याची आहे. हसू नका. नऊ वर्षं तो आमच्या सक्करदऱ्याच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचो – आमच्या आजीचा. झाकणावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं, ‘सौ. वछला’. पूर्वी भांड्यांवर घालून घेत ना, तसं. घालणाऱ्याने वत्सला शुद्ध लिहायच्या भानगडीत न पडता ऐकलं तसं कोरलं होतं.

माझ्या आजीचं नाव सीता.

मुलीसाठी स्थळ बघायला मी उमरेडला गेलो होतो. एकटाच, बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलाचं घर शेतीवाडीचं, भरलेलं. त्याचे वडील एकेक वस्तू दाखवत होते – ही आजोबांची काठी, हे पणजीचं जातं. आणि मी? जन्म क्वार्टरमध्ये काढलेला कारकून. आमच्या घरात जुनं म्हणावं असं एक मीच होतो. काय अवदसा आठवली कोण जाणे, बोलून गेलो की आमच्याकडेही आजीचा पितळी पानाचा डबा आहे, याल तेव्हा दाखवतो. का बोललो? कुणी विचारलं होतं?

परतीच्या बसला अवकाश होता. स्टँडजवळ जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं – कंदील, समया, काटे नसलेली घड्याळं. वेळ घालवायला म्हणून शिरलो, निदान स्वतःला तसं सांगितलं. समोरच डबा.

“घ्या ना जी, नाव टाकलेला हाय,” दुकानदार म्हणाला. “संगं अडकित्ताबी हाय.”

नाव टाकलेला! मला नावानिशी आजी मिळत होती. डबा घेतला, अडकित्ता नको म्हणालो. मुलीला सांगितलं, गावच्या काकांकडे पडून होता.

पण आजी विकत घ्यायची, तर ती निदान दुसऱ्या गावात तरी घ्यावी! बैठकीला विहीणबाई आल्या. सासर उमरेडचं, माहेरही उमरेडचंच. त्यांनी डबा हातात घेतला, झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं.

“भाऊ, माह्या मायचंबी नाव वछलाच होतं जी. तिचाबी डबा असाच होता. ती गेली अन् भावानं सारं सामान विकून टाकलं. मले एक वाटी नाही भेटली.”

तिथेच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. पण मुलीचं लग्न ठरत होतं – नाही, मुलीला पुढे करत नाही. मला माझी लाज वाचवायची होती. म्हणालो, त्या काळी नाव घालणारे सगळे असंच कोरायचे. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला हो माझ्यावर!

त्यानंतर दर खेपेला त्या डबा मांडीवर घ्यायच्या, पदराने पुसायच्या आणि जाताना पुन्हा फळीवर ठेवायच्या. “तुमच्या घरी आली का मले माय भेटल्यासारखी वाटते,” म्हणायच्या. आणि मी? मी चहा टाकायला उठायचो.

मागच्या आठवड्यात नात तिची शाळेची वही घेऊन आली. घराण्याची माहिती लिहायची होती. माझ्या आजीच्या जागी तिने लिहिलं होतं – वछला. ज्या सीताआजीने मला वाढवलं, तिला मीच घरातून काढलं होतं. आणि ही वछला खरंच या पोरीची पणजी होती, फक्त दुसऱ्या बाजूची. मला त्या वहीकडे बघवेना.

रविवारी डबा पिशवीत घातला, उमरेडची बस धरली, विहीणबाईंच्या मांडीवर तो ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

त्या रागावल्या नाहीत. रडल्याही नाहीत. पदराने झाकण पुसलं. मग एवढंच विचारलं, “भाऊ, संगं अडकित्ता होता का मायचा?”

होता. दुकानदाराने माझ्या हातात दिला होता. त्यावर नाव नव्हतं, म्हणजे माझ्या कामाचा नव्हता, म्हणून ठेवून आलो. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

तेही सांगितलं. सगळ्यात जड तेच गेलं. परतीच्या बसमध्ये मात्र इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटावी. खिडकीशी गाढ झोपलो आणि माझा थांबा मागे राहिला. कंडक्टर ओरडला, तरी मला हसूच येत होतं.

फळी आता रिकामी आहे. नातीला वहीतलं नाव खोडायला लावलं. माझ्या आजीचं नाव सीता. ती पान खात नसे.