ट्रेभर अंडी आणि एक किल्ली

मावशींना स्वतःला मोटारसायकल येत नव्हती. पण दुसऱ्याला ती किती येते, हे त्यांना बरोबर कळायचं. ज्यांनी जन्मात भाजीला फोडणी दिली नाही, त्यांनाच नाही का मीठ कमी असल्याचं आधी समजत!

बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं भाड्याच्या गाड्यांचं दुकान. भिंतीवर खिळ्यांना किल्ल्या, दारात हेल्मेटांची उतरंड. गिऱ्हाईक सगळं परदेशी. डोंगरातलं तळं पाहायला यायचं आणि तिथवर बस जायची नाही. इतर दुकानांत पासपोर्ट दाखवला की किल्ली हातात. मावशींकडे पासपोर्टनंतर अंडी. मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन त्या पाहुण्याच्या मागे बसत आणि बाजारचौकाला वळसा घालायला लावत. अंडी शाबूत, तर किल्ली. एक जरी फुटलं, तर नमस्कार. गल्लीत ऑम्लेटचा वास सुटला की शेजारी ओळखत, आज मावशींची गाडी गेली नाही.

हल्ली हा वास रोजचा झाला होता. समोर एकाने नवं दुकान थाटलं होतं, आणि तो पासपोर्टसुद्धा उलटा धरून पाहायचा.

"आई, आपण गाड्या भाड्याने देतो की अंडी उबवतो?" गल्ल्यावरून सून म्हणाली. "आता आणखी एक गिऱ्हाईक समोर गेलं ना, की तुमची परीक्षा बंद. मला ऑम्लेट बघवत नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या. गल्ला सुनेकडे गेला की सासूचं बोलणं आटोपशीर होतं.

त्याच सकाळी एक लंबूटांग परदेशी आला. स्वतःचं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना ढाली. तळ्यावर जायचंय की ते जिंकायचंय, कळेना. सरळ रस्त्यावर गाडी त्याने लोण्यासारखी नेली. मावशींना वाटलं, वाचलो. चौकात तो वळला आणि जन्मभराच्या सवयीने निवांत रस्त्याच्या उजव्या बाजूला लागला. त्याच्या देशात तेच बरोबर होतं. समोरून आलेल्या टेम्पोला मात्र त्याचा देश माहीत नव्हता.

ब्रेक लागले. माणसं वाचली. ट्रे त्याच्या पाठीवर रिकामा झाला. टेम्पोवाल्याने मावशींच्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी केली.

"गेला," पिवळी पाठ पाहून सून म्हणाली.

आणि लंबू खरंच गेला. समोरच्याने हसतमुखाने किल्ली दिली. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी वळली आणि पुन्हा उजवीकडे लागली. मावशींनी डोळे मिटले. त्या कंबरेला हात लावून उभ्या होत्या. मघाच्या ब्रेकचा हिशेब कंबर चुकता करत होती.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा गाडी थांबली होती. लंबूने कॉलरमागे हात घातला. बाहेर टरफलाचा तुकडा आला. त्याच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग गाडी ढकलत मागे आणली, समोरच्याला किल्ली परत दिली आणि पायी बाजाराकडे निघून गेला.

परत आला तो नवा ट्रे घेऊनच. मावशींपुढे तो ठेवून नापास पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला.

"अरे बाबा, तुझं मन चांगलं आहे, पण माझी कंबर नाही."

सून गल्ल्यावरून उठली. "सरका आई. मी बसते."

"तू? तुला तर हे सगळं थोतांड वाटतं ना?"

"बसून बघते, मग सांगते."

दारात उभं राहून वाट पाहायची पाळी मावशींवर प्रथमच आली. हे काम मागे बसण्यापेक्षा अवघड निघालं. चौकाच्या बाजूने सुनेचा आवाज मात्र गल्लीपर्यंत येत होता: "डावीकडे! अरे, डावीकडे रे!"

गाडी आली. एकूण एक अंडं शाबूत. मावशींनी हायसं वाटून खिळ्यावरची किल्ली काढली.

"थांबा," सून गाडीवरूनच म्हणाली. "वळताना हा क्षणभर विचारात पडला."

"अगं, विचार केला हे चांगलंच की!"

"टेम्पो थांबतो का याचा विचार होईपर्यंत? आणखी एक फेरी."

"अगं, कंटाळून समोर जाईल तो!"

"जाऊ दे गेला तर."

भाषा कळली नाही, तरी निकाल लंबूला कळला. त्याने निमूट गाडी सुरू केली. सुनेने मांडीवरचा ट्रे नीट केला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर टिचकी मारली.