पीस: तो की ते?

मराठीत लिंगविचार किती महत्त्वाचा असतो, हे मला एका कोंबड्याने शिकवलं. व्याकरणाचे सर स्टाफरूममध्ये बावीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात, त्यांना ते जमलं नव्हतं.

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं आहे. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताचे सर नेतात, आणि परीक्षा लांब असली की विज्ञानाचे. पण यंदा मुख्याध्यापक म्हणाले, "वार्षिक प्रदर्शनात एक अख्खी भिंत तुमची. असं काहीतरी लावा की माणूस थांबला पाहिजे." बावीस वर्षांत मला शाळेने फळ्याचा अर्धा भागही दिला नव्हता. मी घरी तरंगतच आलो.

काय लावायचं ते माझं ठरलेलं होतं. अगदी जवळचे फोटो काढायची एक जुनी लेन्स मी नुकतीच विकत घेतली होती (घरात 'मित्राची आहे' असं सांगून). पक्ष्याचं पीस उन्हात फिरवलं की त्यावर हिरवा, निळा, जांभळा असे रंग सळसळतात ना, ते इतक्या जवळून टिपायचे की एक पीस भिंतभर दिसावं! आठ दिवस गच्चीवर पारव्यांच्या मागे लागलो. पारव्याच्या मानेला रंग सुरेख, पण ती मान दोन सेकंद स्थिर राहील तर शपथ. शेवटी समोरच्या काकूंनी माझ्या बायकोला, संध्याला विचारलं, "सर गच्चीवर पालथे का पडलेले असतात?"

संध्या वर आली आणि म्हणाली, "अहो, उठा. नानांचा सरपंच विसरलात का?"

नाना म्हणजे माझे सासरे, सासूबाई म्हणजे अक्कांबरोबर अमळनेरजवळच्या एका गावात राहतात. सरपंच हा त्यांचा कोंबडा. पहाटे सगळ्यांच्या आधी आवाज काढायचा आणि दिवसभर नुसतं गावातून मिरवायचं, म्हणून लोकांनीच ते नाव पाडलेलं. त्याची शेपटी लांबून काळी दिसायची, पण उन्हात वळला की हिरवीगार. मी लगेच फोन लावला.

"नाना, रविवारी येतोय. सरपंचाकडे काम आहे. मला त्याचं एक पीस पाहिजे."

नानांना ऐकू जरा कमी येतं. फोनवर तर 'त्याचं' काय आणि 'त्याचा' काय, सारखंच.

"एकच? एकमा काय व्हई, जावईबापू?"

"दोन-तीन असली तर उत्तमच. पण चांगली मोठी बघा."

"मांडीकडना?"

"छे! मांडीला काय रंग असतो?"

"रंगनी काळजी नका करा. अक्काना हात शे. लालभडक व्हई."

"लाल नको नाना, जसं आहे तसंच राहू द्या."

"बरं बरं. अक्काले सांगस, कमी टाक म्हनी," म्हणत नानांनी फोन ठेवला.

कमी काय टाकणार, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

रविवारी एसटीने निघालो. सोबत संध्या, कॅमेऱ्याचा स्टँड, थर्माकोलचा तुकडा, आणि पिसाच्या मागे धरायला तिचा नवा काळा ब्लाऊजपीस (हे तिला माहीत नव्हतं). दारात पाऊल टाकलं तोच काळ्या मसाल्याचा वास आला. म्हटलं वा, जेवणही आहे! मी अंगणात स्टँड उभा केला आणि विचारलं, "सरपंच कुठाय?"

नानांनी हनुवटीनेच चुलीकडे दाखवलं. "चूलवर शे."

माझ्या डोळ्यांसमोर ती अख्खी भिंत कोसळली.

"बावीस वरीसमा पहिल्यांदा तुम्ही तोंड उघडीसन काही मांगं," नाना म्हणाले. "मंग मी नहीं कसा म्हनसू?"

आता या माणसाला काय सांगणार? मी स्टँड मिटवला आणि पाटावर बसलो. अक्का आग्रहाने वाढत होत्या. मी दोन पीस संपवले. तिसरा ताटात पडला तेव्हा संध्याला राहवलं नाही. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नाना, यांना ताटातला पीस नको होता हो. शेपटीचं पीस पाहिजे होतं, फोटो काढायला."

नाना हात न धुता तसेच उठले.

पिसं उकिरड्यावर गेली होती. पुढचा अर्धा तास पांढऱ्या धोतरातले माझे सासरे आणि इस्त्रीच्या पॅंटमधला मी उकिरडा उपसत होतो, आणि अक्का काठीने "तठे देखा, तठे" करत होत्या. शेवटी एक लांब, वाकडं पीस सापडलं. गरम पाण्यात भिजून, राखेत लोळून त्याची बुटाची जुनी नाडी झाली होती. अक्कांनी शाम्पूची पुडी फोडली.

"धुईसन रंग उतरी जाई ना?"

"नाही उतरणार, अक्का. हा रंग वरून लावलेला नसतोच. पिसाचे बारीक थर असतात, त्यांच्यावरून उजेड परततो तेव्हा तो दिसतो." वर्गात सांगतो तसं मी ऐटीत सांगितलं. पण ओलं पीस ठार काळं होतं.

खाटेवर उन्हात ठेवलं. नाना शेजारी बसून पेपराने वारा घालू लागले. पंधरा मिनिटं काही नाही. मग एका कडेला हिरवी रेघ उमटली, आणि बघता बघता ती निळ्यात गेली. मी काळा ब्लाऊजपीस पसरला, संध्या "अहो, तो माझा..." म्हणेपर्यंत चाळीस फोटो काढले आणि त्यातला एक मोठा करून नानांना दाखवला. हिरव्या तारा, निळ्या तारा, कडेला जांभळी झळाळी.

"हाऊ आपला सरपंच शे?" नानांनी कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. "चार वरीस मन्हा पायमा फिरना. मी देखंच नहीं."

प्रदर्शनात तो फोटो भिंतभर लागला, आणि माणसं खरोखर थांबली. गणिताचे सर तर पूर्ण तास उभे होते (तास अर्थातच माझा होता). नाना नवी टोपी घालून सकाळपासून फोटोशेजारी उभे, येईल त्याला सांगत होते, "आम्हना कोंबडा. फोटो आम्हना जावईना." मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

दुपारी मुख्याध्यापक आले. "काय काम आहे हो! एवढ्या जवळून फोटो काढताना कोंबडा हलला कसा नाही?"

मी कॉलर नीट केली. "संयम लागतो, सर."

"हलाव कसा?" नाना म्हणाले. "पहिले जावईबापूंनी त्याले खाई टाका, मंग फोटो काढा."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. व्याकरणाचे सर तेवढे शांतपणे पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "किती पीस?"

"दोन," मी म्हणालो. "दोन्ही पुल्लिंगी."