थंडीत न रांगलेलं पोर

माझी मुलगी माघातली. ती रांगायला लागली तेव्हा गणपतीचे दिवस होते, अंगात एक झबलं, बाकी काही नाही. फरशीवरून ती अशी सुटायची की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट आडवा लावायच्या. मला त्याचा भारी तोरा होता. जणू रांगायला मीच शिकवलं होतं.

दोन वर्षांनी धाकट्या जावेला मुलगा झाला, जूनमध्ये. तिचं बी.एड.चं शेवटचं वर्ष होतं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती पुन्हा बेलापूरहून एसटीनं श्रीरामपूरला जायला लागली, आणि बाळ दिवसभर माझ्याकडे. मी हौसेनं सांभाळते, असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मी बारावीवर थांबलेली, आणि रोज सकाळी ती पर्स अडकवून निघाली की माझ्या पोटात दुखायचं.

दिवाळीनंतर थंडी पडली. मी बाळाला दोन स्वेटर, पायमोजे, कानटोपी, वरून दुपटं असं गुंडाळून पलंगावर ठेवायचे, दोन्ही बाजूंनी उशा. फरशी गार पडायची हे खरंच. पण पलंगावर ठेवलं की माझी कामं उरकायची, हेही तितकंच खरं. बिचारा पालथा पडला तरी त्या जाड बाह्यांत त्याचे हात वळायचे नाहीत आणि तो रडायचा. मग मी त्याला पुन्हा उताणा करायचे.

संक्रांतीला तो सात महिन्यांचा झाला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर मी म्हणून गेले, "आमची या वयात घरभर फिरायची. याला आईचा हातच लागत न्हाई ना."

सासूबाईंनी तेच उचलून धरलं. "ल्येकराला टाकून कालेज करायची काय गरज हाय आता?"

 पुढच्या आठवड्यापासून जाऊ कॉलेजला गेली नाही.

मार्चमध्ये लस द्यायची होती. जावेला ताप होता, म्हणून बाळाला मी घेऊन गेले. नर्सनं विचारलं, रांगतो का. मी म्हटलं, अजून नाही. तिनं कार्डावरची जन्मतारीख पाहिली आणि हसली.

"जूनचा ना? मग याचं रांगायचं वय ऐन थंडीत आलं. एवढ्या कपड्यांत हलणार कसा तो? अशा पुष्कळ पोरांना थोडा उशीर होतो. आता ऊन तापायला लागलंय. कपडे काढा, खाली सोडा."

घरी येऊन मी स्वेटर काढले आणि त्याला सतरंजीवर सोडलं. पाचव्या दिवशी तो रांगला. जाऊ रडायलाच लागली. "बघा ताई, मी घरी ऱ्हायले आन् रांगला."

"आईची ऊब लागती, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या.

परीक्षेचा फॉर्म भरायला अजून आठवडा होता. हजेरीचं बघून घेऊ, असं कॉलेजच्या बाईंनी तिला फोनवर सांगितलंही होतं. नर्सचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं म्हणजे उशा कुणी लावल्या, तेही सांगावं लागलं असतं. मी बाळाला उचलून घेतलं आणि आत गेले. आठवडा निघून गेला.

आता तो शाळेत पळण्यात पहिला येतो. जाऊ घरीच असते. मला तिच्यासमोर लाज वाटते, आणि ती मात्र माझा फार मान ठेवते.

गेल्या महिन्यात शेजारची सून तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. तिचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. पुन्हा जाऊ का, असं विचारत होती.

"नगं गं," जाऊ म्हणाली. "मी त्यापायी माझ्या पोराला मागं पाडलं हुतं. घरी थांबले तवा रांगला. ईचार ताईंना, त्यांनी समदं बघितलंय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "व्हय, खरं हाय ते."